दुसऱ्या मजल्याचा कठडा

आमची इमारत सिडकोच्या जुन्या वळणाची. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्यावर. जुईनगरात अशा इमारतींच्या रांगाच आहेत आणि त्यांत राहणाऱ्यांचे गुडघे साधारण पन्नाशीत बोलायला लागतात. आमच्या जिन्याला 68 पायऱ्या आहेत. वीस-बावीस वर्षं रोज चढून-उतरूनही मला हा आकडा माहीत नव्हता. मुलगा गेल्यानंतर मोजल्या.

तो दुसऱ्या मजल्यावर थांबायचा. कठड्याला पाठ टेकायची, खिशातून मोबाइल काढायचा आणि दोन-तीन मिनिटं तिथेच. दहावीच्या वर्षात ही सवय लागली. मी वरून हाक मारायचो, "अरे, दुधाची पिशवी आहे ना हातात? ये की वर." एकदा चिडून म्हणालो, "तुझ्या वयाचा असताना मी दोन कळश्या घेऊन घाटी चढायचो." तर म्हणतो, "बाबा, तुमच्या वेळी मोबाइल नव्हते ना, म्हणून." मला ते पटलं. हल्ली मुलं मोबाइलसाठी कुठेही थांबतात.

घरात त्याला सगळेच दादा म्हणायचे. धाकटीचा तो दादा, म्हणून आधी तिची आई म्हणायला लागली, मग मी, मग माझी आई. नातवाला दादा म्हणणारी आजी फक्त आमच्याच घरात असेल. शाळेच्या दाखल्यावरचं नाव अकरावीचा फॉर्म भरताना आम्हाला जरा परकंच वाटलं होतं. पुढे तेच नाव दुसऱ्या एका कागदावर टाइप होऊन आलं.

डिसेंबर 2023. रविवार. सकाळी सातला तो मित्रांबरोबर टर्फवर फुटबॉल खेळायला गेला. जाताना त्याने पोहे अर्धे टाकले, त्यावरून आईची बोलणी खाल्ली. साडेआठच्या सुमारास त्याच्या मित्राचा फोन आला, "काका, दादा पडलाय." चेंडू त्याच्या जवळपासही नव्हता म्हणे. धावता धावता वेग कमी झाला आणि तो पुढे कोसळला. पोरांना वाटलं, फिट आली. एकाने तोंडावर पाणी मारलं, एकाने चप्पल हुंगवली. छाती दाबायची असते हे तिथल्या दहा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? असं हृदय थांबलं की मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होत जाते, हे मी नंतर वाचलं. रिक्षा मिळून, वाट काढत, डॉक्टरांपर्यंत पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. हा हिशेब मी खूपदा केला आहे. त्या पोरांना मात्र आम्ही कधी विचारला नाही. ती तेव्हा सोळा-सतरा वर्षांची मुलं होती. अजूनही त्यांतली दोघं-तिघं दिवाळीत फराळाला येतात आणि चारही मजले न थांबता चढतात.

शवविच्छेदनाचा शेवटचा अहवाल यायला दोन महिने गेले. ज्या डॉक्टरीणबाईंनी तो दिला, त्यांनी आम्हाला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मग एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने चित्र काढलं. आधी सरळ, समांतर रेघा. "हे नेहमीच्या हृदयाचे स्नायू. सगळे एका दिशेने." मग शेजारी वेड्यावाकड्या, एकमेकींत घुसलेल्या रेघा. "हे तुमच्या मुलाचं." माझ्या बायकोच्या तोंडून पटकन निघालं, "वीण चुकली आहे." ती हिवाळ्यात स्वेटर विणते. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर, वीणच."

आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत जाड होत जाते, स्नायूंचे धागे विस्कटलेले असतात आणि त्या गुंत्यातून जाणारा विजेचा इशारा एखाद्या दिवशी वाट चुकतो. मग हृदय ठोके देत नाही, नुसतं थरथरतं. लंडनच्या डोनाल्ड टिअर या शवविच्छेदन तज्ज्ञाने 1958 मध्ये पहिल्यांदा तरुण, अचानक गेलेल्या माणसांची अशी हृदयं नीट वर्णन करून ठेवली. म्हणजे हा काही काल-परवा सापडलेला आजार नाही. दुर्मीळही म्हणता येत नाही. साधारण पाचशे माणसांत एकाला असतो. आमच्या मंडळाच्या महाप्रसादाला दोन हजार पानं उठतात. त्या मांडवात असे चार जण असणार. त्यांतले बहुतेक म्हातारे होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातील, आणि कित्येकांना तर हे कधी कळणारही नाही. हेही त्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. हे ऐकून धीर यावा की राग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "घरात कुणी तरुणपणी, अचानक गेलं होतं का?"

मी नाही म्हणालो. अगदी ठाम. आमच्याकडे कुणाला हृदयाचा त्रास नव्हता. वडील ऐंशीपर्यंत खणखणीत जगले, घसरून पडल्याचं निमित्त झालं. माझी आई त्र्याऐंशीची, अजून नारळ स्वतः सोलते.

संध्याकाळी घरी येऊन हे आईला सांगितलं. ती वाल सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "आणि तुझो मधलो काका?"

आमचं गाव सिंधुदुर्गात. गणपतीत सगळे जमले की रात्री भजन आटोपल्यावर आई, आत्या, काक्या गोष्टी सांगायला बसत. मधल्या काकाची गोष्ट त्यांतली सगळ्यांत आवडती. तो एकोणीस वर्षांचा होता, दांडगा, माडावर सरसर चढणारा. एका तिन्हीसांजेला व्हाळ ओलांडून धावत येत होता आणि पलीकडच्या काठावर पोहोचल्याबरोबर पडला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. "देवचारान धरल्यान," आई सांगायची, आणि आम्ही पोरं एकमेकांना चिकटून बसायचो. दुसरी गोष्ट आत्याच्या मोठ्या मुलाची. तो क्रिकेटची मॅच जिंकून आला, पाणी प्यायला आणि ओट्यावरच आडवा झाला. त्याला दृष्ट लागली होती. तिसरी, आजोबांच्या बहिणीची. तिला लग्नाच्या वरातीतच काहीतरी झालं, तिचं नावही आता कुणाला आठवत नाही.

या गोष्टी मला तोंडपाठ होत्या. दादालाही होत्या, तो त्या धाकटीला घाबरवायला सांगायचा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा त्यांतली एकही आठवली नाही, कारण त्यांनी आजाराबद्दल विचारलं होतं आणि आमच्याकडे यांपैकी कुणी आजारी पडलंच नव्हतं. एकाला देवचाराने नेलं, एकाला नजरेने. तीन पिढ्यांचा वैद्यकीय इतिहास आम्ही चवथीच्या रात्री, चकल्या खात, भुताच्या गोष्टी म्हणून ऐकत आलो होतो.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी तपासण्या केल्या. ईसीजी, मग टूडी इको. काळोख्या खोलीत कुशीवर झोपलं की शेजारच्या पडद्यावर स्वतःचं हृदय उघडझाप करताना दिसतं. यंत्रावरच्या मुलीने एके ठिकाणी चित्र थांबवलं, दोन फुल्या मारल्या, मधलं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं आणि बाहेर जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. बारा मिलिमीटरच्या आत असायला हवी ती भिंत माझ्यात सतरा निघाली. मला कधी दम लागला नाही, चक्कर आली नाही. तीच वीण, एकाला बावन्न वर्षं पुरली आणि दुसऱ्याला सोळा. असं का, याचं उत्तर डॉक्टरांकडेही पूर्ण नाही.

जनुकाच्या चाचणीत तेच आलं. बापाकडून किंवा आईकडून मुलाला हा दोष जाण्याची शक्यता निम्मी असते. दादाला माझ्याकडून गेला. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये दाखवून दिलं होतं की, याच आजाराशी नातं असलेल्या एका जनुकातला पंचवीस अक्षरांचा एक तुकडा भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत गळलेला असतो, आणि त्याचा त्रास बहुतेकांना उतारवयाकडे होतो. आमची चूक त्याच जनुकातली, पण वेगळ्या जागेवरची आणि जास्त खोडसाळ निघाली.

बायको यावर मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. सकाळच्या चहाबरोबर बशीत माझी गोळी ठेवलेली असते. पहिल्या दिवशी ती गोळी हातात घेऊन मी तिच्याकडे बघत राहिलो, तर म्हणाली, "अहो, घ्या ना, चहा निवतोय." बस्स. या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं आहे.

लोक मात्र भरपूर बोलले. कुणी म्हणालं जास्त व्यायाम, कुणी म्हणालं बाहेरचं खाणं, आणि कोविडच्या लशीवर बोट ठेवणारे तर इतके होते की मी हात जोडून विषय थांबवायला लागलो. आयसीएमआरने 2023 मध्येच 47 रुग्णालयांतून माहिती घेऊन 18 ते 45 वयाच्या माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लशीने धोका वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. ज्या गोष्टींनी वाढलेला दिसला त्यांत एक होती, घरात पूर्वी कुणीतरी अचानक गेलेलं असणं. पेपरांत लशीचीच ओळ मोठी छापून आली. दुसरी ओळ लहान होती. आमचा मुलगा त्या वयोगटातला नव्हता, पण ती लहान ओळ आमच्या घराची होती.

आणखी एक ओळ मी फार पूर्वी वाचली होती. आमच्या गावाकडून गोवा जवळ, त्यामुळे फुटबॉलच्या बातम्या मी वाचायचो. 5 डिसेंबर 2004 ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेम्पोचा ब्राझीलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलरक्षकावर आदळला, कोसळला आणि उठलाच नाही. धेम्पोने त्याचा दहा नंबर कायमचा बाजूला ठेवला. त्याच्या आदल्या वर्षी कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो ल्याँच्या मैदानात असाच पडला होता, आणि शवविच्छेदनात त्याच्यात हाच, आमच्या घरातला आजार निघाला. 'केवढे धडधाकट लोक,' असं म्हणून मी तेव्हा पान उलटलं होतं.

इटलीत 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला ईसीजीसकट तपासणी कायद्याने करावीच लागते. तिथल्या व्हेनेतो प्रांतात पुढच्या दोन दशकांत तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटले. अमेरिकेने मात्र सरसकट ईसीजी सक्तीचा केला नाही. खोटे इशारे फार येतात आणि चांगली मुलं उगाच खेळातून बाद होतात, असं तिथल्या अनेक डॉक्टरांचं म्हणणं. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून, आणि त्यात मुलांच्या जन्मजात हृदयदोषांचा शोध घेतला जातो. ती फार मोठी गोष्ट आहे. पण वाढत्या वयात जाड होत जाणारी भिंत स्टेथोस्कोपला नेहमी सापडत नाही. प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलाचा ईसीजी काढा, असं म्हणण्याइतकं माझं ज्ञान नाही, आणि दुःखी बापाने आरोग्यधोरण ठरवू नये हेही मला कळतं. एवढंच वाटतं की शाळेच्या आरोग्यकार्डावर उंची, वजन, दात, डोळे यांच्या खाली आणखी दोन ओळी असाव्यात. खेळताना कधी चक्कर आली का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? याला दोन-तीनशे रुपयांच्या ईसीजीइतकाही खर्च नाही. आणि दुसऱ्या ओळीचं उत्तर बापाने न लिहिता आजीला विचारून लिहावं.

नववीत असताना दादाला एकदा मैदानावर चक्कर आली होती. उपाशी होता, ऊन होतं. आम्ही ग्लुकोज पाजलं.

आता मला लिहायचं आहे ते खरं याच्या पुढचं.

अहवाल आल्यावर घरातल्या सगळ्या आठवणी बदलल्या. दुसऱ्या मजल्याचा कठडा आधी मुलाच्या आळशीपणाची जागा होती, आता ती लक्षणाची जागा झाली. अर्धे टाकलेले पोहे, रात्री उशीला उशी लावून झोपणं, गणपतीत ढोल मध्येच दुसऱ्याकडे देणं, सगळ्यावर संशय. आम्ही अल्बम काढून बसायचो आणि मुलाकडे न बघता रोग शोधायचो. एका रात्री बायकोने मला हलवून उठवलं. हातात वाशीच्या मिनी सीशोरवरचा फोटो, दादा आठ-नऊ वर्षांचा. "अहो, याचे ओठ बघा. निळे आहेत ना? तेव्हापासूनच होतं." ती थरथरत होती. मी चष्मा लावला. ओठ खरंच निळे-जांभळे होते. मग खाली त्याच्या मुठीतली काडी दिसली. "अगं," म्हटलं, "गोळा खाल्लाय त्याने. काळा खट्टा." ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली, त्या डिसेंबरनंतर पहिल्यांदा. मीही हसलो. पलीकडच्या खोलीतून आई विचारते, "काय झाला रे?" रात्रीचे अडीच वाजले होते.

त्या रात्रीपासून आम्ही आठवणी एकेक करून सोडवायला लागलो. तो पोहे टाकायचा कारण त्याला पोह्यांतले शेंगदाणे आवडत नसत. हे धाकटीने सांगितलं, तिला तो ते देत असे. उशीला उशी लावायचा कारण झोपून मोबाइल बघता येत नाही. ढोलाचं मात्र तसं नव्हतं, तो त्याला खरंच झेपत नव्हता. कठडाही आजाराकडेच राहिला. काही आठवणी त्या आजाराच्या आहेत हे मान्य करावं लागतं. पण सगळ्या त्याला देऊन टाकायला आम्ही तयार नाही.

धाकटी आता पंधराची आहे. तिच्यात तो दोष आहे, भिंत मात्र अजून साफ आहे. दर वर्षी इको करायचा, बाकी तिला खेळू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. आम्ही तिला खेळू देतो आणि ती जिना चढून आली की तिघंही तिच्या छातीकडे बघतो. "मोजू नका," असं ती दारातूनच ओरडते.

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पावसाने सामना उशिरा सुरू झाला होता, संपेपर्यंत मध्यरात्र झाली. स्टेडियमचे दिवे आमच्या गच्चीवरून दिसतात. अख्खं जुईनगर जागं होतं, फटाक्यांनी कान बधिर झालेले. धाकटी मैत्रिणींबरोबर गच्चीवर नाचत होती. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन कठड्याला टेकली आणि त्या दिव्यांकडे बघत म्हणाली, "बाबा, दादाला तुम्ही तिथे नेलं होतं ना? मला नव्हतं नेलं."

नेलं होतं. 25 ऑक्टोबर 2017, सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक, उपांत्य सामना, स्पेन विरुद्ध माली. तो दहा वर्षांचा होता. का कोण जाणे, त्याने मालीची बाजू घेतली होती. स्पेन दोन गोलांनी पुढे असताना मालीच्या एका पोराने लांबून असा फटका मारला की चेंडू वरच्या दांड्याच्या खालच्या अंगाला आपटून आत पडला आणि उसळून बाहेर आला. पंचांनी गोल दिला नाही. माली हरली, तीन-एक.

सामना संपल्यावर गर्दीतून आम्ही चालतच जुईनगरला निघालो. तो माझ्यापुढे उलटा चालत होता, माझ्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी रेषा आणि दांडा दाखवत, अखंड बोलत. मध्येच धावत पुढे जायचा, परत यायचा. घर येईपर्यंत थांबला नाही. 68 पायऱ्या त्याच आवाजात बोलत चढला. दुसऱ्या मजल्यावर मी टेकलो, तर वरून ओरडून सांगत राहिला. शेजाऱ्यांनी दार उघडून बघितलं.

हे सगळं मी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "मग? गोल होता का?"

होता. रात्री बातम्यांत पुन्हा दाखवलं तेव्हा मीही बघितलं. चेंडू रेषेच्या आत पडला होता.